3 आणे शिल्लक, मनीऑर्डर नाही

या वेळचं पत्र:

«काकू, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन केट्या लागल्यात, म्हणजे दोन विषय राहिलेत, त्यातला एक एम-थ्री, म्हणजे गणित. घरात फक्त आईला माहीत आहे. आमचे आजोबा 96 वर्षांचे, कान सोडले तर बाकी सगळं ठणठणीत. रोज रात्री जेवताना त्यांची टेप सुरू होते : ‘आम्ही कंदिलावर अभ्यास केला, तुम्ही त्या फोनमध्ये तोंड घालून बसता.’ दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर त्यांची हिशेबाची वही सापडली, 1946 ते 49 ची. रोज खर्च आणि खाली एक-दोन ओळी. वाचून मी गार पडलो. पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात पैसे उडवून मोकळे. इंटरला चक्क नापास (म्हणजे तेव्हाचं कॉलेजचं दुसरं वर्ष), हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. नापास झाल्यावर प्रॅक्टिकल बुडवून क्रिकेटची मॅच! एका ‘मिस के.’चा उल्लेख तीनदा, आणि आजीचं माहेरचं आडनाव ‘ग’वरून. 15 ऑगस्ट 1947 ला लिहिलंय : ‘रात्रभर जागरण. एक चप्पल हरवली.’ बस्स. गुणपत्रिका मुंबई विद्यापीठाची आणि पदवी पुण्याची, म्हणजे तिथेही काहीतरी घोळ. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे, सगळे जमणार. वही मोठ्यांदा वाचून दाखवू का? बाबा म्हणतात, धमाल येईल.
— केटीवाला नातू, कोथरूड»

पत्रासोबत त्याने वहीच्या 14 पानांचे फोटो पाठवलेत. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं एक वाक्य : मूळ गाव साताऱ्याकडचं, पण तिथलं घर ‘पडलं’, आता कोणी जात नाही.

प्रिय नातवा,

नको वाचून दाखवूस. का नको ते सांगते, आणि त्यासाठी आधी माझीच एक चूक कबूल करते. 1978 साली, माझं नुकतंच लग्न ठरलेलं असताना, वडिलांच्या ट्रंकेत मला त्यांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मिळालं. तिसऱ्या खेपेचं. आम्हा भावंडांना त्यांनी जन्मभर ‘पहिल्या फटक्यात’ अशीच गोष्ट सांगितली होती. घरात पाहुणे बसले होते, मी सर्टिफिकेट नाचवत बाहेर गेले. सगळे हसले, वडीलही हसले. त्यानंतर त्यांनी शाळा-कॉलेजातली एकही गोष्ट कधी सांगितली नाही. मी विचारलं तरी ‘काही नाही गं’ म्हणून विषय बदलायचे. ते आणखी 19 वर्षं जगले.

आता वहीकडे वळू. तू ती चार्जशीट असल्यासारखी वाचली आहेस. मला फोटोत वेगळंच दिसलं, अर्थात मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं आहे आणि मुलांच्या वह्या वाचायची सवय आहे.

पहिल्या फोटोतच बघ. पानाच्या वरच्या अंगाला दुसऱ्याच कोणाचं तरी अक्षर आहे, ‘म्हशीचे दूध 1 शेर’ वगैरे, 1938 सालचं. कोणाची तरी अर्धवट सोडलेली दुधाची वही आहे ती, उरलेली पानं तुझ्या आजोबांनी वापरली. युद्धात कागदावर नियंत्रण आलं होतं आणि युद्ध संपलं म्हणून लगेच दुकानात वह्यांचे गठ्ठे आले असं झालं नाही. मुलगा कोऱ्या पानांचा काटकसरीने वापर करतो आहे. प्रत्येक ओळ तोडकी का, याचं अर्धं उत्तर तिथे आहे. 15 ऑगस्टवर निबंध लिहायला जागा कुठे होती? आणि खरं सांगू, त्या रात्रीचं याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही. रस्त्यावर इतकी गर्दी, इतका नाच, की चप्पल गेली तरी कळलं नाही. सकाळी कळलं.

‘पहिल्याच महिन्यात पैसे उडवले’ म्हणतोस ते पान जुलै 1946 चं आहे. त्यावर काय आहे ते तूच फोटोत पाठवलंस : ‘3 आणे शिल्लक. मनीऑर्डर नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘मनीऑर्डर नाही’. तिसऱ्या दिवशीही. अरे, 11 जुलै 1946 ला देशभर पोस्टमनांचा संप सुरू झाला होता. ऑगस्ट उजाडला तरी मिटला नव्हता. साताऱ्याहून वडिलांनी पैसे लावले असतील तरी ते आणून देणार कोण? सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, पुण्यात येऊन महिनाही झालेला नाही, आणि खिशात 3 आणे. तुला हिशेब कळावा म्हणून सांगते, रुपयाचे 16 आणे. त्याच वहीत चहा एक आण्याला आहे. म्हणजे तीन चहा.

याच्याच पुढे एक ओळ आहे, तिचा तू उल्लेखही केला नाहीस : ‘मंगळवार बंद. मामी म्हणाल्या, धान्य पुरत नाही.’ तुला वाटलं असेल कुठलं तरी दुकान मंगळवारी बंद. तो जेवणाचा वार आहे. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवायचं ही पुण्यातली जुनी रीत, अगदी पेशवाईपासूनची. आजोबांनी खाणावळ लावली होती, पण मंगळवार मामींकडे, तेवढेच पैसे वाचले. युद्ध 1945 त संपलं, रेशन मात्र संपलं नाही. घरात कार्डावर जितकी माणसं तितकंच धान्य, मग आठवड्यातून एकदा येणाऱ्या भाच्यासाठी भाकरी थापायची तर ती घरातल्याच कोणाच्या तरी ताटातली. मामी वाईट होत्या असं मला वाटत नाही. शेकडो वर्षं चाललेली रीत कशाने मोडली असेल तर बऱ्याच घरांत ती या मोजून मिळणाऱ्या धान्याने. खाणावळीतही मुलांना आपली रेशनकार्डं जमा करावी लागत. डिसेंबर 1947 पासून सरकारने नियंत्रणं उठवायला घेतली, तेव्हा भाव असे भडकले की 1948 च्या अखेरीला पुन्हा रेशन आणावं लागलं. तुझ्या फोटोत त्याच काळात खाणावळीचे 26 रुपये 32 झालेत, बघितलंस?

कंदिलाचंही सांगून टाकते. आजोबा खोटं बोलत नाहीत, फक्त अर्धं बोलतात. ऑगस्टच्या पानावर आहे : ‘मालक दहाला दिवा काढतात. रॉकेल अर्धी बाटली, रांग दोन तास.’ खोलीत वीज होती. वाड्याचा मालक दहा वाजता मेन स्विच खाली ओढायचा. तेव्हा कंदील खरा, पण तो रात्री दहानंतरचा, आणि त्यात घालायच्या रॉकेलसाठी अभ्यासाचेच दोन तास रांगेत गेलेले. पुढच्या वेळी टेप लागली की ‘आजोबा, रॉकेलच्या रांगेत पुस्तक न्यायचात का?’ एवढंच विचारून बघ. टेप तिथेच थांबेल आणि दुसरं काहीतरी सुरू होईल.

मिस के.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या आवडीचं आहे. माझी आत्या त्याच वर्षांत पुण्यात बी.ए. करत होती. ती सांगायची, तास सुरू होईपर्यंत मुलींनी लेडीज रूममध्ये बसायचं. प्राध्यापक वर्गाकडे निघाले की त्यांच्यामागून ओळीने जायचं, ‘कोंबडीमागची पिल्लं’ हा तिचा शब्द, पुढच्या बाकांवर बसायचं, आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याचमागून बाहेर. वर्गातल्या मुलाशी बोललीच तर ‘मिस्टर अमुक’, तो म्हणणार ‘मिस तमुक’. चार वर्षं एका वर्गात बसून एकमेकांचं पहिलं नाव माहीत नाही अशी माणसं होती. मग बोलायचं कसं? वहीतून. वही मागायची, वही परत करायची. त्यात कधी चिठ्ठी असायची, बहुतेक वेळा नसायची.

आता आजोबांची नोंद वाच, नोव्हेंबर 1947 : ‘मिस के. यांनी केमिस्ट्रीची वही परत केली. आत काही नाही.’

‘आत काही नाही’ लिहिण्यासाठी आधी प्रत्येक पान उलटून बघावं लागतं, नातवा.

दुसरी नोंद जानेवारी 1948 मधल्या गॅदरिंगची. ‘शेलापागोटं मिळालं : वही सारखी नेता-आणता, सायकलला कॅरिअर बसवून घ्या. सगळे हसले. मीही.’ शेलापागोटं म्हणजे तुमचा फिशपाँड. म्हणजे सगळ्या वर्गाला माहीत होतं. तिसरी नोंद पुढे येते, तिच्याकडे मी वळतेच, पण मधली पानं वगळून जाता येत नाही.

मधे पानं कोरी आहेत. ज्या मुलाने 3 आण्यांचा हिशेब लिहिला, रॉकेलच्या रांगेचे तास लिहिले, त्याच्या वहीत 30 जानेवारी 1948 ला ‘संध्याकाळी रेडिओ’ एवढे दोन शब्द आहेत आणि त्यानंतर मार्चच्या 9 तारखेपर्यंत काही नाही. मग : ‘दादा व आई आले. ट्रंक एक.’ दुसऱ्या दिवशी : ‘खोलीत आता चार.’

तुझं आडनाव मी छापत नाही, पण ते मी वाचलंय, आणि गाव साताऱ्याकडचं असंही तू लिहिलं आहेस. 30 जानेवारीला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुढच्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं लुटली गेली, जाळली गेली. कुठे गावातल्याच माणसांनी शेजाऱ्याला लपवलं, वाचवलं. कुठे नाही. असंख्य कुटुंबं एखादी ट्रंक घेऊन पुण्या-मुंबईला आली आणि परत गेली नाहीत. अशा बऱ्याच घरांत पुढच्या पिढीला सांगताना घर ‘पडलं’ असंच सांगतात. तुझ्या घरी नेमकं काय झालं ते मला इथे बसून कळणार नाही. पण मराठीत घर पावसाने पडलं तर माणसं त्या पावसाचं वर्णन करतात. तुमच्याकडे कोणी करत नाही.

आणि मग इंटरची परीक्षा. तू एका वाक्यात लिहिलंस, ‘इंटरला चक्क नापास’. पाच-सहा आठवडे वहीत अक्षर नाही, एका खोलीत चार माणसं, गावाकडचा आधार संपलेला, आणि त्यातून तो मुलगा परीक्षेला बसला. तिसरी मिस के. इथे आहे, एप्रिलमध्ये : ‘मिस के. यांनी फिजिक्सच्या नोट्स पाठवल्या. भावाच्या हाती.’ या वेळी आत काही होतं की नव्हतं, लिहिलेलं नाही. बघितलंच नसावं बहुधा. ज्या मुलीला वर्गात उभं राहून त्याच्याशी दोन वाक्यं बोलता येत नव्हती तिने काय चाललंय ते ओळखून आपल्या भावाला त्याच्या खोलीवर धाडलं. वाढदिवसाच्या केकपुढे हे वाचून ‘ही मिस के. कोण हो आजोबा?’ म्हणून टाळ्या पिटायच्या आहेत का तुम्हाला? तुझ्या आजीला यात काही खटकलं नसतं असं मला वाटतं, पण ते ठरवणारी मी कोण, आणि तूही कोण.

नापास झाल्यावरचं पान तर सोन्याचं आहे. जून 1948 : ‘मिलिटरी अकाउंट्सला अर्ज. जागा नाहीत.’ पुण्यात सुशिक्षित मुलाने नोकरीसाठी जायचं हमखास ठिकाण ते. पण युद्धात केलेली भरती सरकार तेव्हा कमी करत होतं, अननुभवी पोराला कोण घेणार? त्याखाली ‘शिकवण्या 2, मिळून 15 रु.’ आणि लगेच ‘फी भरली’. म्हणजे गडी परत कॉलेजात. मुंबईला असता तर कदाचित सकाळचं कॉलेज करून दिवसा नोकरी जमली असती, आंबेडकरांच्या संस्थेने 1946 त सिद्धार्थ कॉलेज काढलं त्यात नोकरदार मुलांची अशी सोय होती. साताऱ्यात कर्मवीरांनी 1947 त कमवा आणि शिका तत्त्वावर कॉलेज उभं केलं, पण साताऱ्याला परत जाणं या घराला तेव्हा शक्य नव्हतं. राहता राहिल्या दोन शिकवण्या.

आता क्रिकेट. डिसेंबर 1948. ‘प्रॅक्टिकल बुडवलं. पूना क्लब. 443. नऊ कमी. झोप नाही.’ यासाठी तू त्यांना दोषी ठरवणार असशील तर मी आजोबांच्या बाजूने साक्ष देईन. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजीचा सामना. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम 452. बरोबरीला फक्त नऊ धावा हव्यात, आणि काठियावाडच्या कप्तानाने मधल्या सुट्टीनंतर खेळायचंच नाकारलं, संघ घेऊन चालता झाला. घर गेलेलं, वर्ष गेलेलं, महिन्याला 15 रुपयांच्या शिकवण्या, अशा पोराने एक दिवस प्रॅक्टिकल बुडवून जे पाहिलं ते पुन्हा कोणाला पाहायला मिळालं नाही. झोप कशी येणार? मी असते तर आठवडाभर बुडवलं असतं. (तुला परवानगी नाही. तुझ्या एम-थ्रीच्या वर्गाबाहेर कोणी 443 करत नाहीये.)

गुणपत्रिकेचा घोळ नाही. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ 10 फेब्रुवारी 1949 ला मिळालं, तोवर पुण्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच. आजोबा मधोमध सापडले, इतकंच.

आता तुला सांगते काय करायचं.

आधी स्वतःच्या केट्या सांग. वहीच्या आधी, वाढदिवसाच्या आधी, आणि त्यांना एकट्याला गाठून. दुपारी झोपून उठले की चहाच्या वेळी. कान जातात म्हणतोस तर उजव्या की डाव्या बाजूला बसायचं ते तुला माहीत असेलच. ‘आजोबा, दोन विषय राहिले’, इतकंच. ते चिडतील. कंदील निघेल. ऐकून घे. त्यांचं फोनबद्दलचं म्हणणं मला पूर्ण पटतं असं नाही, एम-थ्रीचे निम्मे धडे मुलं आता फोनवरच शिकतात, हे तू त्यांना सांगू शकतोस, उद्धटपणा न करता. पण ज्या माणसाने स्वतःचं नापास होणं पंच्याहत्तरहून जास्त वर्षं पोटात ठेवलं, त्याच्यासमोर दुसऱ्या कोणी येऊन ते आपणहून बोलणं म्हणजे काय हे तुला कदाचित त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. दिसलं नाही तरी बिघडत नाही, तुझं ओझं उतरलेलं असेल.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वही त्यांच्या हातात दे. ‘माळ्यावर सापडली, मी वाचली’, हे खरं ते सांग. वाचली नाही असं सांगू नकोस, 96 वर्षांच्या माणसाला कळतं. आणि एकच प्रश्न विचार. नापास का झालात हा नको, मिस के. नको, घर कसं पडलं हाही नको. ते त्यांच्या मनात आलं तर येईल, नाही आलं तर पानं कोरीच राहू देत, त्यांनी ती तशी ठेवली आहेत. जुलै 46 बद्दल विचार : 3 आणे शिल्लक असताना जेवलात कुठे?

वडिलांना समजाव की वाचनाचा कार्यक्रम रद्द. धमालच हवी असेल तर आजोबांना त्या दिवशी 443 ची गोष्ट सांगायला लावा. कप्तानाला ते अजून शिव्या देत असतील याची मला खात्री आहे.

वही लॅमिनेट करू नकोस आणि फाटल्या पानांना सेलोटेप लावू नकोस, काही वर्षांत पिवळी पडून शाई घेऊन निघते. माळ्यावर परत टाकू नकोस, तुझ्या पाचव्या फोटोत कोपऱ्याला कसर लागलेली दिसते आहे. जुन्या सुती धोतरात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेव. फोटो सगळ्या पानांचे काढ, कोऱ्या पानांचेही.

एम-थ्रीचं म्हणशील तर लाप्लास ट्रान्सफॉर्म पक्कं कर आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर हाताने सोडव. आजोबांना समोर बसवून सोडव हवं तर, त्यांनी इंटर दुसऱ्यांदा कशी काढली ते पेपर सोडवताना आपोआप बाहेर येईल.

आणि त्या 3 आण्यांत काय खाल्लं ते कळलं की मला नक्की लिही. हे पत्र आल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

तुझी,
काकू